फाटके निघाले : एक

सोहारच्या इस्पितळाचं स्टोअर तळघरात आहे.
चावी माझ्याकडे, नोंदवही माझ्याकडे,
मास्क मात्र अजून बंदरावर,
कुठल्याशा शिक्क्याची वाट बघत.

वरून यादी आली :
आधी अतिदक्षता, मग तातडीचा विभाग, मग बाकीचे.
माणशी आठवड्याला एक.
सिस्टर मारिव्हिक आपला मास्क
खुब्जच्या कागदी पिशवीत ठेवते,
पिशवीवर नाव, वार आणि एक लहानसा क्रूस.
म्हणते, आत पावाचा वास येतो,
ड्यूटीभर भूक लागते नुसती.

गाऊन संपले तेव्हा
डॉक्टर शम्सा स्वतः गाडी काढून बाजारात गेल्या,
जेवताना खाली अंथरतात त्या प्लास्टिकचे रोल घेऊन आल्या.
दिशदाशा शिवणाऱ्या मुलतानी शिंप्यानं
रात्रीत चाळीस झगे बेतले.
सकाळी अख्खा वॉर्ड गुलाबांच्या छापाचा.
ऑक्सिजनच्या नळीआडून एक म्हातारा म्हणाला म्हणे,
वाढा आता, पंगत कधीची बसलीय.

हसलो. मग वही उघडली.

यादीत नुरुल नव्हता.
नुरुल अमीन, चितगावचा, कंत्राटी,
पिवळ्या पिशव्या उचलणारा.
सगळ्यांनी काढून टाकलेलं
जो हातांनी गोळा करतो
त्याच्यासाठी रकानाच आखलेला नव्हता.
तोंडाला गमछा, तोही घामानं ओला.
विचारलं, कंपनीनं काही दिलं का?
दिलं ना, म्हणाला,
सुट्टी मिळणार नाही असं लिहून दिलं.

पंधरा वर्षांत माझ्या वहीत खाडाखोड नाही.
वडील चिपळूणला सोसायटीच्या दुकानात तराजू धरायचे,
काटा थांबेपर्यंत श्वास रोखायचे.
त्यांचा मुलगा मी,
पेन घेऊन बराच वेळ बसलो
आणि लिहिलं :
फाटके निघाले, एक.

दर रविवारी एक.
अकरा आठवडे.

पुढे मस्कतहून हिशेबनीस आले.
अकरा? आणि तेही नेमके रविवारी?
म्हटलं, माल तसाच आला होता.
दारात डॉक्टर शम्सा उभ्या होत्या.
आपण काही ऐकलं नाही हे
त्यांनी फार मोठ्यानं खोकून दाखवलं.

आता खोकी छताला टेकलीत,
कुणी मोजत नाही.
नुरुलला अजून वाटतं, यादीत त्याचं नाव होतं.
परवा ट्रॉलीला टेकून घरी फोनवर बोलत होता.
त्याची बंगाली मला अर्धीच कळते,
पण एवढं कळलं :
इथं आपल्यालाही मोजतात.