ओ दे

सोलच्या टेकडीवर, पहाटे चारला,
चुलीतली कोळशाची वडी बदलून
घरमालकीण माल्सुन प्रत्येक दाराशी थांबायची:
"ओ दे. शिवी दे हवं तर, पण दे."

आम्ही टोपांच्या कारखान्यातल्या पोरी,
दिवसभर केस ओवून आलेल्या;
उशीत तोंड खुपसून
घुबड म्हणायचो तिला.

भाडं थकलं तर चालायचं.
पण जमिनीच्या कागदाला केसाएवढी चीर दिसली
की खळ घेऊन गुडघ्यांवर बसायची,
आणि खिडकीच्या फटीत आम्ही कोंबलेली चिंधी
रोज उपसून फेकायची.

एकदाच बोलली, खळीचे हात पुसत:
वास नसतो गं त्याला.
त्या सकाळी धाकटीचे गाल
इतके गुलाबी दिसत होते,
वाटलं, ऊब लागलीय पोरीला,
झोपू दे अजून.