अर्थ लागेना

निबिया बाईंची ऑस्टिन
दिवसा धावते, रात्री नाही.
दिवे लावले की अँपिअरचा काटा
डावीकडे ऋणात कलंडतो
आणि रोचाच्या रस्त्यावर, तिसऱ्या टेकडीनंतर
उजेड आधी पिवळा, मग तपकिरी,
मग काडीच्या गुलाएवढा.

"बॅटरी नवी घेतली," त्या म्हणाल्या, "दोनदा."
स्टार्टर म्हातारा झालाय, असं त्यांचं मत.
म्हणून पुढून हँडल मारतात,
सत्तरीच्या बाई, एका झटक्यात.

मिनासचा ऑगस्ट. शटर अर्धं खाली.
शेगडीवर किटली, भोपळ्याच्या पेल्यात माते,
आणि मी, एल्बियो,
बोनेटखाली मान घालून.

आधी पट्टा. अंगठ्याने दाबला,
बोटाच्या पेराएवढा गेला खाली. ठीक.
मग ब्रश. कार्बन झिजलेला,
पण अजून दोन हिवाळे काढील.
कम्युटेटर काळा पडलेला,
पॉलिश पेपर फिरवला, तांबं वर आलं.
काटा जिथल्या तिथे.

डायनॅमोच्या तारा सोडवल्या,
दोन्ही टर्मिनलं एका तारेने जोडली,
मीटरचं एक टोक त्यांना, एक त्याच्या अंगाला.
"हळू दाबा," म्हटलं.
बाईंनी ॲक्सिलरेटर दाबला,
कणकेत पाणी घालावं तसा, बेताने.
आठ. अकरा. पंधरा.
"पुरे!"

म्हणजे हा कमावतो आहे बिचारा.
कमाई घरी पोचत नाही.

इथे मी दीड तास वाया घालवला.
रेग्युलेटरचं झाकण काढून
स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे.
माझे उस्ताद वाल्देमार म्हणायचे,
ज्याला काही समजत नाही
तो रेग्युलेटर फिरवतो.

मग किटली दुसऱ्यांदा उकळली
आणि आठवलं: हिचं सगळं उलटं.
बाकीच्यांत ऋण पत्र्याला बांधलेलं,
हिच्यात धन.
इंग्रजांनी असं का केलं
मला कुणी सांगितलं नाही.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या धनाला,
दुसरं डायनॅमोच्या अंगाला.
इथे शून्य हवं.
एकाच घरातली दोघं, मधे अंतर कशाला?
दीड व्होल्ट.

इंजिनापासून चासीपर्यंत
विणलेली जाड पट्टी, तिचा बोल्ट,
आणि बोल्टखाली
हिरवागार, चकचकीत, आरशासारखा रंग.

"हा कुणी दिला?"
"भाच्याने. डिसेंबरात. इंजिन उतरवून, तीन हात.
ही छटा शोधायला मोंतेविदेओला गेला होता."
"आणि हँडल कधीपासून मारताय?"

बाईंनी नळीतून शेवटचा घोट ओढला,
पेला रिकामा झाल्याचा आवाज येईपर्यंत.

"खरवडावा लागेल."
"केवढा?"
"नाण्याएवढा. पट्टीखाली. दिसणार नाही."
"त्याला सांगू नका."

हिरव्याखाली राखाडी,
राखाडीखाली कुठल्या तरी जुन्या मालकाचा लाल,
मग पत्रा,
बावन्न साली होता तसा, कोरा.
घासला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं.

चावी. स्टार्टर पहिल्या हाकेला उठला,
म्हातारा कसला!
दिवे लावले. काटा थरथरला,
शून्यावर जरा रेंगाळला,
मग उजवीकडे. चार अँपिअर. फार नाही.
समोरच्या बेकरीच्या भिंतीवर दोन पांढरे गोळे,
बेकरीवाला बाहेर आला
डोळ्यांवर पिठाचा हात धरून.

"निघते," बाई म्हणाल्या.
"आत्ता? काळोख पडलाय."
"मग? त्याच्यासाठीच तर आणली होती."

हँडल मागच्या सीटवर टाकलं,
असू दे म्हणाल्या.

मागचे लाल दिवे पहिल्या टेकडीपर्यंत दिसले.
शटर ओढताना आठवलं,
रेग्युलेटरचा तो पाव आटा
मी परत फिरवलाच नाही.