कलम तिसरे

आठ आण्यांचा स्टांप, चार आणे माझे.
शाई माझीच. कागद त्यांनी आणलेला,
धोतराच्या सोग्यात घामेजलेला.
ब्रह्मपुरीच्या तहसिलीबाहेर, चिंचेखाली,
सात कोहळी बसले होते माझ्याभोवती.
बोलत होता एकटा आडकू कापगते:

"लिवा, का कौल तुमीच देल्ला सायेब.
बारा सालं सारा माफ म्हनलं, रान तोडा म्हनलं.
आमी तोडला. पार घातली. तरा खनला.
माही लहान भावजय मातीखाली आली,
थे बी पारीतच हाये.
आता नाकेदार मुनारे गाडून ऱ्हायला.
म्हनते, पानी तुमचा,
पानी येते थो रान सरकारचा."

मी लिहिलं:
मेहरबान डिप्टी कमिशनर साहेब बहादूर,
जिल्हे चांदा, यांचे सेवेशी.
कलम पहिले, कौल मिळाला.
कलम दुसरे, तलाव बांधला.
(तरा लिहिलं तर शिरस्तेदार हसतो.
भावजय लिहिली नाही.
तिच्याजोगतं कलम सुचेना.)

तिसऱ्याला थांबलो.
कचेरीत मुरलेल्या माणसाला ठाऊक असतं,
ओसाड होतं तेच आबाद करता येतं.
म्हणून बोरू नीट तासला, मग लिहिलं:
'सदर रान मूळचे पडीत व निर्मनुष्य असून
तेथे वाघाखेरीज कोणाची वहिवाट नव्हती.'

साक्षीदार हवा होता. वयस्क,
रान तुटण्याआधीचं पाहिलेला.
"हाये ना," आडकू म्हणाला, "जंगूबाबा."

जंगू मडावी उन्हात बसला होता,
सावलीत जागा असून.
पहिल्या साली त्यानंच दाखवलं म्हणे,
कुठला चिखल वैशाखातही सुकत नाही,
आणि कुठं त्याच्या बापाची शिळा उभी आहे,
तिथून पार जरा वळवा.
पार वळवली. अजून वळलेली आहे.

तो कागदाजवळ उकिडवा बसला.
मी पहिलं कलम वाचून दाखवलं. दुसरं वाचलं.
मग खोकलो,
आणि चौथं वाचलं.

अंगठ्याला शाई लावताना त्यानं विचारलं,
"माहा नाव हाये का यात?"
"आहे," म्हटलं. "खाली."

सतरा महिन्यांनी उत्तर आलं:
अर्ज दप्तरी दाखल. मुनारे कायम.
आडकूनं तो कागद आधी कपाळाला लावला,
मग विचारलं, काय लिवला हाये.

दुसरा अर्ज केला. तिसरा नागपूरला, कमिशनराकडे.
दरसाल मुनारे बांध्यांत दोन हात पुढे,
दरसाल माझं तिसरं कलम तसंच,
नकलेवरून नक्कल,
हात न बघता लिहायचा.

एका फाल्गुनात जंगू एकटाच आला.
चार आणे नव्हते, पदरी टेंभरं होती.
"लिव."
"काय लिहू? कोणाविरुद्ध?"
चिंचेखाली आडकूची माणसं बसलेली,
पुढच्या अर्जाच्या नंबराला.
त्यांच्याकडे त्यानं पाहिलं,
त्यांनी तंबाखू पुढे केली, त्यानं घेतली.
मग डोंगराचं नाव सांगितलं, त्याच्या बोलीत.
पुढे काही नाही.

मोडीची रीत अशी की
आधी पानभर रेघ ओढायची,
आणि मग तिला अक्षरं टांगायची.
मी रेघ ओढली, या काठापासून त्या काठापर्यंत.
त्यानं माझं मनगट धरलं.
"हा कोनाचा धुरा?"
"कोणाचा नाही, बाबा. लिहायची रीत आहे."
"मंग पुस."

शाई पुसली जात नाही, हे मी त्याला सांगितलं.
तो बसून राहिला, तंबाखू संपेपर्यंत.
रेघ वाळली.
टेंभरं तशीच ठेवून गेला.