निधान

कुऱ्हाडवाला बुंध्याला दोरी बांधत होता
तेव्हा मी मशीनवर, ब्लाउजची एक बाही लागलेली,
दुसरी मांडीवर.
भिंतीपलीकडून मल्लव्वा सांगत होती त्याला,
दहा वर्षं झाली, एक फळ नाही,
नुसते काटे, पोरांचे चेंडू फुटतात.

खिडकीतून वर पाहिलं.
शेंड्यात एक तपकिरी पोय उभी उसवलेली,
आतून पांढरं डोकावत होतं,
अस्तर दिसावं तसं.
मी बाही टाकून धावले. पायात पायडलच्या चपला.

संकेश्वरच्या या गल्लीत खजूर कुणी लावत नाही.
आमचे हे बहारीनला एसी दुरुस्त करायचे,
येताना पाकीट आणलं होतं.
बिया मी न्हाणीच्या पाण्यावर टोचल्या,
एक भिंतीवरून मल्लव्वाला दिली.
बी बघून कोण सांगणार आत कोण आहे?

माझं झाड दोन वर्षं फुललं
आणि दोन्ही वर्षं तीन-तीन चिकटलेली,
बिनबियांची बोटभर फळं धरून
खाली टाकून मोकळं झालं.
हे म्हणाले, तिकडं माणसं चढून बांधतात,
गच्चीवरून बघितलंय मी.
काय बांधतात ते ह्यांना आठवेना.
ते मला आत्ता कळलं, कुऱ्हाडीखाली उभं राहून.

मल्लव्वा, तोडू नको, हे गंडु आहे!
कुऱ्हाडवाला गडहिंग्लजचा, फिसकन हसला.
मल्लव्वाच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता नर.
ती हसली नाही. झाडाकडं बघत राहिली,
पहिल्यांदा ओळख झाल्यासारखी.

वायरमन परगौडाची शिडी आणली.
ह्यांचा गुडघा बांधलेला, म्हणून मीच चढले,
पदर खोचून, कानामागे सुई, दातात दोरा.
काटे म्हणजे काय, तर दाभण.
कोपरापासून मनगटापर्यंत मोजून चार टाके.
पांढऱ्या फुलोऱ्याला ओल्या कणकेचा वास होता,
हलवला की टेलरखडूसारखी भुकटी
पापण्यांवर, ओठांवर.

तीन तुरे कापले, वर्तमानपत्रात गुंडाळले,
मग शिडी भिंतीच्या अलीकडं.
माझ्या झाडाच्या फुलोऱ्यात एकेक तुरा
उलटा खोवला,
आणि साडीच्या फॉलच्या पट्टीनं सैल बांधला,
बाळाची कुंची बांधतात तितका.
शिडी हलली.
खालून मल्लव्वा दोन्ही हातांनी धरून
ओरडत होती, निधान अक्का, निधान!

तिला म्हणायचं होतं, सावकाश.
मला ऐकू आलं ते आमचं निधान,
पुरलेलं, जपलेलं, शोधून सापडणारं.
मी वर, बोटं पिठूळ,
दोन्ही अर्थांनी हळूच उतरले.

अकरा घोस होते. सात धरले.
चार का नाही, ते कुणालाच सांगता येईना,
वारा असेल, मुंग्या असतील, माझी गाठ असेल.
जूनच्या शेवटी पिवळे झाले,
पाऊस चिघळवायच्या आधीच मी उतरवले,
वाटीभर भिंतीवरून दिले.
मल्लव्वानं एक चावला, तोंड वाकडं केलं,
वगरु, म्हणाली. मी म्हटलं, तुरट.
मग दोघींनी दुसरा घेतला.

दोरी अजून तिच्या झाडाला आहे.
कुऱ्हाडवाल्याचे अडीचशे कुणी द्यायचे
यावर आमचं अजून ठरलेलं नाही.
परगौडा शिडी मागायला येऊन गेला दोनदा.