तव्याएवढी

आधी कोथिंबीर गेली.
कोपरखैरण्याला, सेक्टर एकोणीसच्या कोपऱ्यावर
भाजीवाला भिवाजी न मागता चार काड्या टाकायचा पिशवीत.
एका मंगळवारी त्याचा हात जुडीपर्यंत गेला
आणि तसाच परत आला.
मी सुट्टे मोजण्यात गुंतल्यासारखं केलं.

मग पुडे.
बिस्किटाचा पुडा अजून पाच रुपयांचाच,
फक्त हलवला की वाजतो.
साबणाच्या वडीला कंबर आली.
धुण्याच्या पावडरीची पिशवी होती तेवढीच फुगलेली, आत हवा.
हवा तरी फुकट देतात, म्हणते शेजारची मंदाकिनी
आणि सिलिंडरसाठी फोन लावते.
लावते.
लावते.

लालजी गालांच्या दुकानात तेलाच्या फळीवर
आता पोह्यांच्या पिशव्या बसल्यात.
"तेल?"
"सोमवारी."
कुठल्या, ते सांगत नाहीत.
ओळखीच्यांना मागच्या दाराने दोन लिटर मिळतं.
माझी ओळख सतरा वर्षांची.
मला एक.
पाटीवरचा शेवटचा आकडा ते ओल्या बोटाने पुसतात,
नवा आकडा जागा वाळायच्या आत लिहितात.

माझे अकरा डबे.
महापेच्या कंपन्यांतली पोरं,
पाच पोळ्या, भाजी, वरण, भात,
महिन्याचे ठरलेले पैसे, आगाऊ घेतलेले, आगाऊच संपलेले.
भाव वाढवायची चिठ्ठी तीनदा लिहिली.
"कळविण्यास वाईट वाटते की"
इथपर्यंत येते
आणि कणीक मळायला उठते.

चिठ्ठीऐवजी मी लाटणं थोडं आधी उचललं.
एवढंच.
पूर्वी पोळी तव्याच्या काठाला टेकायची,
आता तिच्याभोवती काळी कड उरते, करंगळीएवढी.
तेल चमच्याने नाही, फडक्याने.
वरणात पाणी. पाण्याला मीठ.
स्वस्त राहिलंय ते मीठच,
म्हणून त्याच्याबाबतीत जास्त सांभाळून.

पंधरा दिवस कोणी काही बोललं नाही.
मग तेजराव इंगळे, मेहकरचा,
रिकामा डबा द्यायला स्वतः जिना चढून आला.
तो दिवसभर वॉशर मोजतो,
खिशात व्हर्नियर घेऊन हिंडतो,
केसाएवढा फरक त्याच्या डोळ्यात खुपतो.
मी ओट्याकडे तोंड करून
घासलेलंच पातेलं पुन्हा घासत राहिले.

"काकू," तो म्हणाला, "पोळी..."

नळ बंद करावा लागला.

"...टॉलरन्समध्ये आहे."
हसला नाही.
"आमच्याकडे थोडं कमी-जास्त पास करतात.
त्याच्याही खाली जाणार असेल
तर आधी सांगायचं असतं.
बाकी ओव्हरटाइम आमचाही बंद झालाय."

चपला घालून गेला. त्याच्या पायांचा आवाज
दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आला.
डबा रात्री उघडला. धुतलेला.
आत काही नव्हतं.
बरं झालं. काही ठेवलं असतं तर
मला राग आला असता.

चिठ्ठी चौथ्यांदा लिहिली.
वाईट वाटते ते खोडलं.

पहिल्या तारखेपासून चार पोळ्या.
तव्याएवढ्या.
पाचवी हवी असेल तर सात रुपये,
आणि तीही,
तेल आलं तर.
सोमवारी विचारा.