आधी कडा

ओगुराबाईंच्या भिंतीवर तळहात घासला
तर हात पांढरा, गिरणीतून आल्यासारखा.
"रंगाचं पीठ झालंय," शिगेहारू म्हणाला,
"आता फळी उघडी आहे."

सिमेंटची फळी, पोटात लाकडाचा धागा.
समोरून दगड; पण कापलेल्या कडेनं
गुपचूप पाणी पिते. साकाताच्या जानेवारीत
ते पाणी गोठतं,
मार्चमध्ये पापुद्रा हातात येतो.

म्हणून आधी कडा. ब्रश दाबून, दोनदा.
पहिला हात फळीनं असा ओढून घेतला
की लावला होता का, मलाच शंका.
"पिऊ दे. तहान भागली की थांबेल."

टपालपेटी काढली तेव्हा
खाली वीतभर जुना रंग निघाला,
सोललेल्या वाटाण्याचा, जसाच्या तसा.
बाई शिडीखाली थांबल्या, चहाचा ट्रे हातात.
"हा ह्यांनी निवडलेला. मी भांडले होते,
म्हटलं, दवाखाना वाटेल."
मग, ट्रेकडे बघत:
"एवढा ठेवाल?"

"उघडा नाही ठेवता येणार.
समुद्राकडची भिंत आहे."
तो गाडीकडे गेला. बराच वेळ
डबे सरकवल्याचे आवाज.
परतला तो बिनरंगी लेपाचा अर्धा डबा घेऊन.
स्क्रूची चार भोकं बुजवली,
आणि त्या वीतभर जागेवर तीन हात दिले,
मध्ये चार-चार तास थांबून.
मी घड्याळ बघत होतो.

बाकी घर आता राखाडी.
बिलात ती ओळ नाही.
पेटी दाराच्या पलीकडे बसवली;
आम्ही पहाड उतरवत होतो तेव्हा
पोस्टमन पत्र घेऊन
जुन्याच जागी आला,
आणि हिरव्यासमोर जरा उभा राहिला.