टाकीतलं तळं

कमाटीबागेच्या फाटकाला साखळी लागली
त्या दिवशी माझं प्रेशर होतं एकशेअठ्ठावीस.
कॅलेंडरवर लिहून ठेवलंय,
दुधाच्या हिशेबाला लागून.

आम्ही चौघी. साडेपाचला.
हंसाबेन, नफीसा, रात्रपाळी उरकून आलेली रोझलीन,
आणि मी.
फुलांच्या घड्याळापासून नदीवरच्या पुलापर्यंत
कुणाचे गुडघे, कुणाची चुकलेली पाळी,
कुणाच्या अंगातून अचानक उसळणारा जाळ:
डॉक्टरला न सांगितलेलं सगळं
तिथल्या झाडांना तोंडपाठ होतं.

आणि आता घर.
हॉल सुनेच्या मीटिंगचा,
गॅलरी नातवाच्या परीक्षेची,
बेडरूममध्ये मुलगा, नोकरी गेलेली, दार लोटून.
माझ्या वाट्याची मोकळी जागा
एकदा मोजली मी.
फ्रीज ते मोरी, सात पावलं.

मे महिन्यात एकशेशेहेचाळीस.
जूनमध्ये झोप गेली.
कुठे गेली, कुणी विचारलं नाही.

गोळ्या आणायला म्हणून निघाले
आणि काळ्या घोड्याजवळच्या पुलावर थांबले.
खाली विश्वामित्री, हिरवी, जाड,
काठावर मगर,
जबडा उघडा टाकून ऊन खात पडलेली.
बिनमास्कची.
पोलीस म्हणाला, बेन, घरे जाओ.
मगरीला कुणी काही म्हणालं नाही.

मग एका रात्री नळ कोरडा पडला.
सगळे झोपलेले. मीच गेले गच्चीवर,
शिडी चढले, टाकीचं झाकण सरकवलं.
आत काळोख
आणि काळोखात हलणारं पाणी.
त्याचा गार वास तोंडावर आला.
एक चप्पल खाली पडली, पडू दिली.
कितीतरी दिवसांनी
श्वास छातीच्या तळाला जाऊन टेकला.

त्यानंतर रोज.
मुलगा म्हणाला, आईला टाकी तपासायचं वेड लागलंय.
म्हणू दे.
शेजारच्या आवारातला कडुनिंब
गच्चीच्या कठड्यावर एक फांदी टाकून होता,
जाता-येता तिला हात लावायचा,
जसं आपण ओळखीच्या घरात शिरताना
चौकटीला लावतो.

एकदा मागून पावलं वाजली.
सून. केस विस्कटलेले, कानात अजून ती वायर.
वाटलं, विचारेल. उत्तरही तयार होतं माझं, बॉलकॉक बिघडलाय.
ती काही बोलली नाही.
दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिली.
थोड्या वेळाने म्हणाली,
आई, मला बघू द्या ना.

बाग उघडली. बंद झाली. पुन्हा उघडली.
बाकांवर पिवळ्या फुल्या मारलेल्या:
इथे बसा, इथे नको.
हंसाबेनची जागा
नेमकी बसण्यातली निघाली.
आम्ही तिघी उभ्याच राहिलो.
रोझलीनने तिच्या पिशवीतून मशीन काढलं,
माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला.

आकडा काय आला
ते यावेळी लिहिलं नाही कुठेच.
वरून जांभळं पडत होती,
पायाखाली येऊन फुटत होती,
आणि नफीसा म्हणाली,
हिच्या नंबरवरून अजून
रोज सकाळी
फुलाचं चित्र येतं गं.
तिची सून पाठवते.